बूट पायाच्या मापाचा, कामाच्या जोगता

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत उभं राहून काम करणाऱ्यांना पुढे पोलादी टोपी असलेले, आयएस १५२९८ मानकाचे सेफ्टी शूजच हवेत. कोल्हापुरी चप्पल आपली शान, पण तिथे तिचं काम नाही.

घट्ट बुटाने कुरूप होतं, सैल बुटाने फोड येतात. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून बूट तेव्हाच घ्यावेत. बोटांपुढे अंगठाभर जागा ठेवावी.

वजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच मोजे घालू या. ओल राहिली की चिखल्या होतात.

शुगरमुळे पाय बधिर झाले, तर बूट चावलेलाही कळत नाही. साधी जखम चिघळून पाय कापण्याची वेळ येऊ शकते. म्हणून घरातल्या शुगरवाल्या बुजुर्गांचे तळवे रोज रात्री आपणच पाहू या.