परदेशचें अन्न आणि मुंबईचीं उपनगरें

शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं विलायतेस निघालेला आपल्या वर्गांतला तरुण निघण्यापूर्वीं एक प्रश्न हटकून विचारतो: तेथें स्वस्त आणि पोटभर जेवावयास कोठें मिळेल? जाणत्याचें उत्तर बहुधा एकच असतें. मोठ्या चौकांतल्या झगमगीत उपाहारगृहांकडे पाहूं नका. परदेशांतून येऊन त्या शहरांत पोटापाण्यास लागलेले लोक ज्या गल्लींत राहतात, त्या गल्लींत जा. लंडनचा सोहो हा भाग याच वाटेनें खवय्यांचा झाला. १६८५ सालीं फ्रान्सच्या राजानें प्रॉटेस्टंट पंथीयांस दिलेलें अभय काढून घेतलें, तेव्हां देशोधडीस लागलेल्या फ्रेंच कुटुंबांनीं तेथें आसरा घेतला. पुढें इटालियन आले आणि इतरही आले. त्याच शहराच्या ब्रिक लेन रस्त्यावरचीं ‘इंडियन’ म्हणविणारीं उपाहारगृहें मुख्यतः सिल्हेटकडच्या लोकांनीं नांवारूपास आणलीं, आणि त्यांच्यांतले आरंभींचे पुष्कळ जण बोटींवरचे खलाशी होते. बर्लिनमध्यें आज घरोघर ठाऊक असलेला कबाब १९६१ च्या करारान्वयें जर्मन कारखान्यांत कामास आलेल्या तुर्की मजुरांबरोबर तेथें पोंचला.

उलट उदाहरणही बोधप्रद आहे. पाटण्याच्या शेख दीन महंमद या गृहस्थानें १८१० सालीं लंडनमध्यें ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ उघडलें. त्याचें लक्ष हिंदुस्थानांत राहून परतलेल्या श्रीमंत साहेबांवर होतें. बैठक थाटाची, हुक्क्याची सोय वेगळी. दोन वर्षांत, १८१२ सालीं, त्याचें दिवाळें निघालें. यावरून असें वाटतें कीं, परदेशचें अन्न शहरांत रुजवितो तो नामांकित आचारी नव्हे. घर सुटलेला, गरजू, आणि गरजूंनाच खाऊं घालणारा माणूस तें रुजवितो. मग ज्या शहरानें त्याचें अन्न उचललें, त्या शहरानें त्या माणसाला काय दिलें, हा प्रश्न ओघानेंच येतो. तो प्रश्न लंडनला विचारण्याआधीं आपण आपल्याच अंधेरी-बोरिवलीला आणि घाटकोपर-मुलुंडला विचारून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उपनगरांतलें परदेशी अन्न मुंबई शहरांतून आलें असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. १५३४ च्या वसईच्या तहानें वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या हातीं गेली, ती १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं सोडविली. मधल्या दोनशे वर्षांत जे साष्टीकर ख्रिस्ती झाले, त्यांचे वंशज आजही अंधेरीच्या मरोळ-आंबोलींत आणि बोरिवलीच्या बाजूला जुन्या गांवठाणांतून राहतात. त्यांची बोली मराठीच. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवांत, त्यांनीं स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. त्यांच्या घरांतला बाटलींत भरून वर्षभर पुरविण्याचा मसाला, शिरक्यांत मुरविलेलें मांस, तळलेले फुगे, हें सर्व कोंकणी चूल आणि पोर्तुगीज स्वयंपाकघर यांच्या सोयरिकींतून झालेलें आहे. आणि त्यांच्या पंगतीस कधीं न बसलेले आपणही त्या सोयरिकींतून सुटलेलों नाहीं. मिरची आणि बटाटा अमेरिका खंडांतून समुद्रमार्गें आले, पाव पोर्तुगीजांनीं आणला. मुंबईचा म्हणून जो वडापाव आपण अभिमानानें पाहुण्यापुढें ठेवतों, त्यांत निखालस देशी असें बेसन आणि हळद एवढेंच म्हणतां येईल. एकेकाळीं ‘पाववाले’ हा शब्द बाटलेल्यांना हिणविण्यासाठीं वापरीत. तोच पाव आज सोवळ्या घरांतही सकाळच्या चहाबरोबर येतो.

यानंतरचे मोठे पाहुणे म्हणजे इराणी. हिंदुस्थानांत आधींच स्थिरावलेल्या पारशी समाजाला इराणांतल्या आपल्या धर्मबांधवांचे हाल कळले, तेव्हां १८५४ सालीं मुंबईच्या पारशांनीं माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे धाडलें. जरथोस्ती प्रजेवरचा जिझिया कर उठविण्यासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली आणि १८८२ सालीं तो उठला. पण करापाठोपाठ दारिद्र्य कांहीं उठलें नाहीं. १८७१ च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानें तो देश आधींच पोळला होता. यझ्द आणि केरमान या भागांतून एकेक तरुण मुंबईस येऊं लागला, पारशी घरीं नोकरीस राहिला, आणि हाताशीं चार पैसे जमतांच त्यानें चहाचें दुकान थाटलें. रस्त्याच्या कोंपऱ्यावरची जागा हिंदु व्यापारी अशुभ मानीत आणि म्हणून ती इराण्याला स्वस्तांत मिळे, असें सांगतात. कारण तें असो वा नसो, दोन रस्त्यांना दोन दारें उघडणारा इराणी ही मुंबईची खूण ठरली. धोबी तलावावरचें कयानी १९०४ सालचें, बॅलार्ड इस्टेटमधलें ब्रिटानिया १९२३ सालचें.

शहरांतला हा इराणी गाडीबरोबर उपनगरांत आला. साष्टींतून ठाण्यापर्यंत लोहमार्ग १८५३ सालीं झाला खरा, परंतु चाकरमान्यांची रोजची धांव वाढली ती विजेच्या गाड्यांनीं. पश्चिमेची विजेची गाडी १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत धांवूं लागली. स्टेशनच्या तोंडाशीं उतरणाऱ्या-चढणाऱ्या माणसाला कपभर चहा आणि कांहींतरी चावावयास हवें होतें, आणि पहाटेच दुकान उघडणारा इराणी तें देत होता. संगमरवरी टेबलें, लाकूड वांकवून केलेल्या व्हिएन्ना घाटाच्या खुर्च्या, भिंतीला मोठे आरसे, बरण्यांतून नानखटाई आणि खारी. ब्रुन-मस्का, मावा केक, खिमा-पाव आणि ‘पानी कम’ म्हणून मागावयाचा दाट चहा. गल्ल्यावर बसलेला मालक भिंतीवरच्या पाटीनें ‘जास्त वेळ बसूं नये’ असें बजावी. पण एका कपावर तास काढणाऱ्या बेकाराला उठविल्याचें क्वचितच दिसे. त्याच्या टेबलावर वर्तमानपत्र पडलेलें असे. तें वाचून अर्ज लिहिणारीं मुलें पुढें कारकून झालीं, मास्तर झालीं.

इराण्याचें खरें महत्त्व मात्र त्याच्या चहांत नसून त्याच्या खुर्चींत होतें. त्या काळच्या खानावळींच्या आणि फराळगृहांच्या पाट्यांवर ‘हिंदु’ किंवा ‘ब्राह्मण’ हे शब्द ठळक असत. रेल्वेच्या स्टेशनांवर पाणीदेखील हिंदूंचें निराळें आणि मुसलमानांचें निराळें असे. घरीं जेवतांना सोवळें पाळणारा गृहस्थ इराण्याकडे ज्याच्या समोर बसे, त्याची जात त्याला ठाऊक नसे. आणि विचारावयाची सोयही नसे. पुष्कळांनीं ही गोष्ट घरीं सांगितली नसेल. पण विटाळाची भिंत व्याख्यानांनीं जितकी खचली, तितकीच ती या दोन पैशांच्या कपानेंही खचली असावी.

म्हणून इराण्याच्या दुकानाला समतेचें मंदिर ठरविण्याची घाई मात्र करूं नये. १९१७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेंत व इंग्लंडांत शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहांत ते पारशी नांव सांगून राहिले. थोड्याच दिवसांत गुपित फुटलें. कांहीं पारशी हातांत काठ्या घेऊन आले आणि त्यांनीं त्यांना बाहेर काढलें. हिंदु स्नेह्यानें आणि ख्रिस्ती स्नेह्यानेंही त्या दिवशीं जागा दिली नाहीं. बडोद्याच्या सार्वजनिक बागेंत बसून त्या विद्वानानें ते तास काढले, आणि रात्रीच्या गाडीनें तो मुंबईस परतला. स्वतः परागंदा होऊन आलेल्यांच्या वंशजांनींही दुसऱ्याला दार लावावें, याचा अर्थ असा कीं, आसरा मिळालेला माणूस आसरा देईलच असा नियम नाहीं. दाराचा नियम कोणाच्या मर्जीवर ठेवतां येत नाहीं. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांत जातीमुळें किंवा धर्मामुळें कोणासही मज्जाव असूं नये असें स्पष्ट लिहिलें आहे. विहिरी आणि तलाव यांच्याबरोबरच चहाच्या टेबलाचा उल्लेख देशाच्या मूळ कायद्यांत करावा लागला, यावरून त्या टेबलाची योग्यता कळावी.

इराण्यामागून दक्षिण कानड्याचा उडुपी आला. तो परदेशी नव्हे. परंतु इडली आणि दोसा माटुंग्याच्या मराठी माणसाला त्या वेळीं पावाइतकेच परके होते. रामा नायक यांचें माटुंगा स्टेशनजवळचें श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचें. थोड्या पैशांत केळीच्या पानावर स्वच्छ आणि पोटभर जेवण, ही उडुप्याची रीत लोहमार्गानें उत्तरेकडे सरकली आणि आज अंधेरीपासून मुलुंडपर्यंत असें स्टेशन नाहीं जेथें ती पोंचली नाहीं. मात्र १९६६ नंतरच्या कांहीं वर्षांत याच दाक्षिणात्यांविरुद्ध मुंबईंत चळवळ झाली, आणि उडुप्यांच्या हॉटेलांना तिची झळ लागली. सकाळीं ज्याच्या दुकानांत इडली खाल्ली, संध्याकाळीं त्याच्याच दुकानावर दगड पडावा, हें शहराच्या पोटाला आणि हाताला एकमेकांची ओळख नसल्याचें लक्षण होय.

फाळणीनें तिसरा लोंढा आणला. १९४७ नंतर सिंध आणि पंजाब सोडून आलेल्या लाखो लोकांसाठीं छावण्या उघडल्या. कल्याणजवळच्या छावणीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें. मुलुंड आणि चेंबूर येथेंही छावण्या होत्या, आणि शीवच्या कोळीवाड्यांत पंजाबी वस्ती झाली. सरकारी शिध्यावर जगणाऱ्या या माणसांनीं भिकेचा हात पुढें केला नाहीं; मिळेल तें विकावयास काढलें. चेंबूरच्या कॅम्पांत सकाळीं मिळणारें दाल-पकवान हें त्या दिवसांचें स्मारकच आहे. ‘कोळीवाडा’ या नांवानें तळलेली कोळंबी आज देशभर मिळते. तींत मासळी मुंबईची आणि मसाल्याचा हात पंजाबचा. निर्वासित आणि कोळी यांची ही मैत्री कोणत्याही परिषदेवांचून झाली.

चिनी अन्नाची कथा याहून कडू आहे. माझगांवांत चिनी खलाशांची व कारागिरांची लहानशी वस्ती होती. त्यांचें १९१९ सालचें देऊळ अद्याप उभें आहे. १९६२ च्या युद्धानंतर सरकारनें देशांतल्या सुमारें ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानांत देवळी येथें स्थानबद्ध केलें. त्यांतल्या कित्येकांचा जन्म याच भूमींत झाला होता. पुष्कळ जण नंतर हा देश सोडून गेले. अशा प्रकारें माणूस गेला आणि त्याची कढई राहिली. १९७५ सालीं, कलकत्त्यांत जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनीं मुंबईच्या क्रिकेट क्लबांत आलें-लसूण-मिरचीच्या फोडणीवर ‘मंचुरियन’ तयार केलें असें सांगतात. चीनला तें अनोळखी आहे. आज तेंच मंचुरियन बोरिवलीच्या नाक्यावर तांबड्या गाडीवर आपलीं मराठी मुलें आणि नेपाळी मुलें करतात. घाटकोपरच्या खाऊ गल्लींत तर ‘शेजवान’ चटणी दोशांत शिरली आहे, आणि कांदा-लसूण वर्ज्य करून जैन गिऱ्हाइकासाठीं चिनी पदार्थ शिजतो. शेजारच्या टोपल्यांतून वाफवलेले मोमो निघत असतात. ते १९५९ नंतर घरदार सोडून आलेल्या तिबेटी लोकांनीं हिंदुस्थानभर ओळखीचे केले. घाटकोपरच्या त्या एका गल्लींत चार राज्यांतल्या उलथापालथींचा इतिहास थोडक्या पैशांत चाखावयास मिळतो. वाचकांनीं तो एकदां सहकुटुंब अवश्य चाखावा.

त्या पाहणींत एक साधी परीक्षा उपयोगी पडेल. जेथें दुकान चालविणारा स्वतः तोच पदार्थ खातो, जेथें त्याचेच गांवकरी संध्याकाळीं टेकतात, आणि जेथें जिन्नस थोडे पण कढई सतत तापलेली, तेथें निर्धास्त बसावें. लंडनला निघालेल्या तरुणालाही याहून निराळें सांगण्यासारखें कांहीं नाहीं. त्याला तेथें एक गंमतही भेटेल. २०१० पासून लंडनमध्यें मुंबईच्या इराणी हॉटेलाच्या धर्तीवर उपाहारगृहें निघालीं आहेत, आणि तेथें बसावयास लोक रांगा लावतात. इकडे मुंबईंत मात्र कोंपऱ्यावरचे इराणी एकामागून एक मिटत चालले आहेत; त्यांचीं मुलें शिकून दुसऱ्या धंद्यांत गेलीं, आणि त्या जागांना आलेला भाव चहाच्या कपानें भागत नाहीं.

तेव्हां शेवटीं आपल्या उपनगरांचा हिशेब असा उरतो. आपण सर्वांचें खाल्लें. पाव घेतला, चहा घेतला, दोसा, पकवान, नूडल, मोमो घेतले, आणि प्रत्येकाला आपली फोडणी देऊन आपलेंसें केलें. परंतु याच उपनगरांत घर भाड्यानें मागावयास गेलेल्या माणसाला ‘तुम्ही काय खातां?’ हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि उत्तरावर किल्ली अवलंबून असते. मासे खाणाऱ्या मराठी कुटुंबाला हा प्रश्न टोंचतो. पण परप्रांतीयाच्या किंवा परधर्मीयाच्या बाबतींत तोच प्रश्न आपल्या ओठावर येत नाहीं काय, हेंही त्या कुटुंबानें तपासून पाहावें. घटनेनें उपाहारगृहाचें दार उघडलें. बिऱ्हाडाचें दार आपल्या मनावर सोपविलें आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते असें आपण म्हणतों. इराण्याच्या टेबलावर समोरच्याची जात न विचारतां आपल्या आजोबांनीं कपभर चहा घेतला, हें तें शीत होतें. भात अजून शिजावयाचा आहे.