सदतीस अंश, बारा ते तीन

परदेशातील काही विद्यापीठांत उन्हाळ्याच्या सुटीत ‘प्राणी आणि कायदा’ या विषयाचे वर्ग भरतात. आपल्याकडेही हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात या विषयाचे केंद्र आहे. असा वर्ग कुणी मे महिन्यात जळगावला किंवा धुळ्याला भरवला, तर पहिला धडा रस्त्यावरच मिळेल: भर दुपारी भरलेली गाडी ओढणारी बैलजोडी.

या जोडीसाठी १९६५ सालापासून एक नियम आहे. गाडी किंवा ओझे ओढणाऱ्या जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त, किंवा विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवू नये. आणि जिथे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्याला जुंपूच नये. टोकदार आर लावलेली पराणीही त्याच नियमांनी बंद केली आहे. खानदेशात पारा ३७ च्या वर जाणे ही बातमी नसते. मे महिन्यात तो ४५ च्याही पुढे जातो. म्हणजे हा नियम जणू आपल्याच जिल्ह्यांसाठी लिहिला आहे. तो किती जणांना ठाऊक आहे, हे वर्गात विचारून पाहावे.

नियम आला कुठून? खानदेशचा कापूस १८६० च्या दशकात रेल्वे येईपर्यंत बैलांच्याच बळावर घाट उतरून मुंबईला जात असे. त्या काळी बैल किती थकतो हा मालकाचा खाजगी प्रश्न होता. इंग्रज सरकारने १८९० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्ध देशासाठी कायदा केला. स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये, नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत नवे खाजगी विधेयक मांडले. सरकारने आश्वासन दिल्यावर ते मागे घेतले गेले आणि त्यातूनच पुढे १९६० चा कायदा आला. जनावराला विनाकारण वेदना होऊ न देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे त्याचे तिसरे कलम सांगते. इथे शब्द ‘कर्तव्य’ आहे, ‘हक्क’ नाही. १९६५ चे नियम याच कायद्याखालचे.

आता विज्ञानाकडे येऊ. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेचा साधारण पाव भाग कामाच्या रूपाने गाडीला मिळतो. उरलेली उष्णता होते. ती शरीराबाहेर टाकलीच पाहिजे. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर उष्णता आपोआप हवेत जाते. बैलाच्या शरीराचे तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असते. हवा ३७ च्या पुढे गेली की ही वाट जवळजवळ बंद होते आणि ४२ ला हवाच उलट बैलाला तापवू लागते. मग उरतो घाम आणि श्वासावाटे होणारे बाष्पीभवन. आपल्या वशिंडाच्या जातींना घाम चांगला येतो, सातपुड्याकडची तापी खिल्लार त्यातलीच. पण घामाला पाणी लागते, आणि गाडीला जुंपलेल्या बैलाला ते वाटेत कोण पाजणार?

शिवाय वेधशाळेचे तापमान सावलीतले, जाळीदार पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते. डांबरी रस्त्यावर, उन्हात उभ्या बैलाला त्याहून कितीतरी अधिक ताप सोसावा लागतो. म्हणून ३७ हा आकडा दिसतो तितका कडक नाही. शाळेतला तापमापक सावलीत आणि रस्त्याकडेला धरून विद्यार्थ्यांनी हा फरक स्वतः मोजावा. (तापमापक डांबरावर ठेवू नये, हातात धरावा, एक फुटला की वर्षभर दुसरा मिळत नाही!)

मग नियम पाळला का जात नाही? गाडीवानाला निर्दयी म्हणणे सोपे आहे. पण त्याची मजुरी खेपेवर असते. तीन तास थांबला तर एक खेप बुडते. दुसरीकडे, या कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा १० ते ५० रुपये आहे. याउलट महाराष्ट्राने २०१७ मध्ये बैलगाडा शर्यतींसाठी कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा शर्यतीत बैलाला इजा करणाऱ्यास पाच लाखांपर्यंत दंड ठेवला. शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे वाद झाला. २०१४ च्या निकालाने त्या थांबल्या आणि त्या वेळी न्यायालयाने प्राण्यांच्या सन्मानाची भाषा वापरली. २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींचे कायदे वैध ठरवले. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे म्हणायला मात्र ते तयार झाले नाही. मला वाटते, या गाजलेल्या वादात रस्त्यावरचा बैल विसरला गेला. शर्यत मिनिटभराची, गाडी दिवसभराची.

आणखी एक गंमत पाहा. दुपारचा नियम ‘गाडी’ आणि ‘ओझे’ यांपुरताच आहे. वखर हे वाहन नव्हे, म्हणून शेतातल्या बैलाला तो लागूच होत नाही. पण शेतात त्याची फारशी गरजही पडत नाही. मे महिन्यात वखर पहाटे जुंपतात आणि ऊन चढले की औत सोडून बैल झाडाखाली बांधतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करणारा शेतकरी जुवाने सोललेला खांदा स्वतःच पाहतो. भाड्याची खेप मारणाऱ्या बैलाचा खांदा पाहायला मात्र माल पाठवणारा व्यापारी कधी येत नाही.