बत्तीस शिराळ्याची नागपंचमी

सणांचीं वर्णनें मराठींत पुष्कळ आहेत. परंतु सण चालवितो कोण, त्याची शिस्त कोणाच्या हातीं असते, आणि कांहीं विपरीत घडल्यास जबाब कोणीं द्यावयाचा, या प्रश्नांकडे विद्वानांचें लक्ष फार उशिरां वळलें. डोनाल्ड गेट्झ यांचा उत्सव व पर्यटन यांविषयींचा इंग्रजी ग्रंथ १९९१ सालीं निघाला, आणि त्याच सुमारास पाश्चात्त्य विद्यापीठांतून हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊं लागला. या प्रश्नांचा एक जिवंत दाखला मात्र वारणेच्या मुलखांतच आहे. ज्या इस्लामपुरास ईश्वरपूर हें नांव देण्याचा निर्णय २०२५ सालीं झाला, तेथून पश्चिमेस निघालें कीं थोड्याच वेळांत बत्तीस शिराळा लागतो. समर्थस्थापित अकरा मारुतींपैकीं एक शिराळ्यास आहे व एक इस्लामपुराजवळच्या बह्यास. परंतु शिराळ्याचें नांव सातासमुद्रांपलीकडे गेलें तें मारुतीमुळें नव्हे, तर नागामुळें.

आख्यायिका अशी कीं, नागपंचमीच्या दिवशीं गोरक्षनाथ महाजनांच्या घरीं भिक्षेस आले. घरची स्त्री मातीच्या नागाची पूजा करीत असल्यानें तिला भिक्षा घालण्यास विलंब झाला. नाथांनीं पुसलें, जिवंत नाग पुजशील काय? आणि मातीचा नाग सजीव झाला. तेव्हांपासून गांवांत जिवंत नाग पुजण्याची चाल पडली, अशी तेथील श्रद्धा.

सणापूर्वीं कांहीं दिवस गांवकरी रानांत हिंडून नाग धरीत, ते मडक्यांत घालून तोंडास फडकें बांधीत, पंचमीस अंबाबाईच्या दर्शनास नेत, आणि सण उरकतांच ज्या शिवारांतून आणले तेथेंच सोडून देत. महाजनांच्या घरची पूजा, पालखी, देवीचें दर्शन, हें सारें ठरल्या क्रमानें होई. लेखी नियम एकही नव्हता. ज्याचा त्याचा मान ठरलेला असे. शिवाय, जो प्राणी आपण सणाला पाहुणा म्हणून आणतों त्यास वर्षभर शेतांत कोणीं मारावयाचें नाहीं, हा संकेतही त्यांत होता. ज्या प्रदेशांत नाग दिसतांच काठी उचलण्याची रीत, तेथें ही गोष्ट सामान्य म्हणतां येणार नाहीं.

ही व्यवस्था गांवापुरती पुरेशी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बाहेरची गर्दी लोटली, परदेशी छायाचित्रकार आले, तरुण मंडळांत चढाओढ लागली. कोणाचा नाग अधिक लांब, कोणाच्या नागाचा फणा अधिक उंच, यांवर बक्षिसें ठरूं लागलीं. स्पर्धा आली कीं संख्या वाढते. पूजेस एक नाग पुरतो. बक्षिसास पुरत नाहीं. वाद्यांच्या गजरांत मिरवणुका निघूं लागल्या. नागास वाऱ्यावरून येणारा आवाज फारसा ऐकूं येत नाहीं, पण जमिनीचा कंप त्यास चांगला जाणवतो. दूध हा तर त्याचा आहारच नव्हे.

दरम्यान १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यांत ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक आहे कीं, नुसतें पकडणेंही तींत येतें. शिराळकर म्हणत, आम्ही मारीत नाहीं, पुजतों. कायद्यास तो भेद ठाऊक नव्हता. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें जिवंत नाग पकडणें व मिरविणें बंद झालें. सणाची सूत्रें मानकऱ्यांच्या हातून वनखात्याच्या व पोलिसांच्या हातीं गेलीं. ज्या दिवशीं तरुण मडकीं घेऊन रानांत जात, त्या दिवसांत तेथें वनरक्षकांची गस्त सुरूं झाली. गांवाला याचें दुःख झालें, आणि तें खोटें नव्हतें. पण नागासही आपली बाजू मांडण्यास न्यायालयावांचून दुसरें स्थान नव्हतें, हेंही खरें.

जुन्या व्यवस्थेला वाढती गर्दी पेलत नाहीं, याचा फार दारुण अनुभव शेजारच्या सातारा जिल्ह्यानें घेतला आहे. २५ जानेवारी २००५ रोजीं मांढरदेवीच्या यात्रेंत चेंगराचेंगरी होऊन सुमारें ३०० भाविक प्राणांस मुकले, आणि न्यायमूर्ति राजन कोचर यांचा चौकशी-आयोग नेमावा लागला. तेथें जीव माणसांचे होते, शिराळ्यास नागांचे. परंतु अरुंद वाट आणि वाढती संख्या यांचें गणित दोन्हीकडे एकच.

शिराळ्याची कथा मात्र न्यायालयाच्या आदेशापाशीं संपली नाहीं. त्याच कायद्यांत शिक्षण व संशोधन यांसाठीं विशेष परवानगीची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन २०२५ सालीं केंद्र सरकारनें २१ नाग पकडण्यास अनुमति दिली. हेतु लिहिला होता तो पारंपरिक ज्ञानाचा प्रसार व शिक्षण. पूजेसाठीं जो नाग मिळाला नाहीं, तो अभ्यासासाठीं मिळाला. तेव्हां पंचमी २९ जुलैला आली होती.