शहाजी, शरीफजी आणि एक चुकलेला रकाना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक घोळ घातला. जुन्या गावनोंदी वाचताना नाव फारसी-अरबी दिसलं की कुटुंब मुसलमान, असं धरून तक्ता भरला. ‘हैबत’ नावाचे एक पाटील थेट चुकीच्या रकान्यात गेले!

खरं तर उत्तर आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच होतं. वेरूळच्या मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. सतराव्या शतकातल्या संस्कृत ‘शिवभारता’तही ती येते. ‘शाह’ फारसी, ‘शरीफ’ अरबी, ‘जी’ आपला. दौलतराव, गुलाबराव, साहेबराव याच वळणाचे. रशियन वालेंतिनाचं मूळ असंच लॅटिन आहे.

आता गंमत बघा. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. ते नाव आज क्वचितच ऐकू येतं. शहाजी मात्र घरोघरी आहे, कारण ते शिवरायांच्या वडिलांचं नाव. म्हणजे नावाचं मूळ भाषा सांगते, लोकप्रियता इतिहास सांगतो. प्रश्न दोन, पुरावेही दोन. आणि धर्म? तो नुसत्या नावावरून ठरवू नका. माझा तक्ता मला पुन्हा भरावा लागला.