हितकारक जिवाणूंची मोजदाद आणि डीएनए अ‍ॅप्टामर

आतड्यात कोणकोणते जिवाणू आहेत, हे आता डीएनएच्या क्रमनिर्धारणावरून कळते. ते किती आहेत, हे मात्र त्यावरून नीट कळत नाही. जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या १६एस आरआरएनए जनुकाच्या तपासणीतून मिळणारा आकडा सापेक्ष असतो. एखाद्या जातीचा वाटा ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला, तर ती जात घटली की बाकीच्या वाढल्या, याचा उलगडा त्या आकड्यातून होत नाही. फुटलेल्या पेशींचा विखुरलेला डीएनएही त्याच हिशेबात येतो. वैद्यकीय निर्णयासाठी अखंड पेशी ओळखून मोजणारी, झटपट आणि स्वस्त तपासणी हवी. अ‍ॅप्टामर नावाच्या, पेशींना चिकटणाऱ्या रेणूंकडे पाहायचे ते या गरजेपोटी.

उदाहरण म्हणून अकरमॅन्सिया म्युसिनिफिला हा जिवाणू घेऊ. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथील संशोधकांनी २००४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्म्यातील म्युसिन हे त्याचे खाद्य, आणि प्राणवायूविरहित वातावरण हे त्याचे घर. लठ्ठपणा आणि टाइप २ मधुमेह असलेल्यांत तो अनेकदा कमी आढळतो. बेल्जियममधील पॅट्रिस कानी यांच्या गटाने २०१९ मध्ये जादा वजनाच्या स्वयंसेवकांवर ३ महिन्यांची छोटी चाचणी केली. तीत पाश्चरीकरण केलेल्या, म्हणजे मेलेल्या जिवाणूंनी इन्सुलिनची संवेदनशीलता सुधारली. त्याआधी २०१७ मध्ये याच जिवाणूच्या बाह्यपटलावरील एका प्रथिनाचे उंदरांमधील परिणाम दाखवले गेले होते, आणि ते प्रथिन पाश्चरीकरणाच्या तापमानाला टिकते. म्हणजे या जिवाणूच्या गुणाचा काही भाग त्याच्या पृष्ठभागावरच आहे, आणि अ‍ॅप्टामर ओळखतो तोही पृष्ठभागच.

अ‍ॅप्टामर म्हणजे विशिष्ट आकारात दुमडलेला आणि त्या आकारामुळे ठरावीक लक्ष्याला चिकटणारा डीएनएचा किंवा आरएनएचा एकपदरी तुकडा. त्याच्या निवडीची ‘सेलेक्स’ पद्धत १९९० मध्ये ट्यूर्क आणि गोल्ड यांनी मांडली. त्याच वर्षी एलिंग्टन आणि झोस्टॅक यांनीही स्वतंत्रपणे तसेच काम प्रसिद्ध केले.

सुरुवात यादृच्छिक तुकड्यांच्या संचापासून होते. मधले ४० घटक यादृच्छिक ठेवले, तर शक्य क्रमांची संख्या एकावर चोवीस शून्यांच्याही पुढे जाते. प्रत्यक्ष नळीत मावतात जास्तीत जास्त एकावर पंधरा शून्ये, म्हणजे शक्य क्रमांपैकी सुमारे १२० कोटींत एक. हा संच ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून थंड करतात, की तुकडे आपापल्या आकारात दुमडतात. मग तो जिवाणूंबरोबर ठेवायचा, सेंट्रिफ्यूजने पेशी तळाशी बसवायच्या, न चिकटलेले तुकडे धुऊन टाकायचे, चिकटलेले उष्णतेने सोडवून पीसीआरने वाढवायचे आणि त्यांचे पदर वेगळे करायचे. अशा दहा-बारा फेऱ्या होतात. जर्मनीतील उल्म विद्यापीठातील गटाने २०२१ मध्ये अकरमॅन्सियासाठी हेच केले. तुकड्यांना चमकणारे रंगद्रव्य जोडलेले असल्याने प्रत्येक फेरीत पकड किती वाढली, हे प्रकाशाच्या तीव्रतेवरून मोजता आले.

माझ्या मते या सगळ्यातली खरी कसोटी उलट निवड ही आहे. चिकटणारा तुकडा मिळवणे फार अवघड नाही. जिवाणूंचे पृष्ठभाग एकमेकांसारखे असतात आणि अनेक तुकडे कशालाही चिकटतात. म्हणून संच आधी नको असलेल्या जिवाणूंबरोबर ठेवून त्यांना चिकटणारे तुकडे काढून टाकावे लागतात. या नकोशांच्या यादीत एक-दोनच प्रयोगशाळेतल्या जाती असतील, तर अ‍ॅप्टामर विशिष्ट आहे, हा दावा तेवढ्याच जातींपुरता खरा. आतड्यात शेकडो जाती असतात.

दुसरी अडचण लक्ष्याचीच आहे. एकच जिवाणू म्युसिनवर वाढला आणि साखरेवर वाढला, तर पृष्ठभागावरची प्रथिने बदलू शकतात. निवड एका माध्यमात आणि तपासणी माणसाच्या मलात, असे झाले की पकड ढिली पडण्याचा धोका असतो. मलात डीएनए तोडणारी विकरे असतात, क्षारांचे प्रमाण माणसागणिक बदलते, आणि अ‍ॅप्टामरचा आकार मॅग्नेशियम, पोटॅशियमसारख्या आयनांवर अवलंबून असतो. नमुना धुऊन, ठरावीक बफरमध्ये घेतल्याशिवाय आकड्यावर विसंबता येत नाही. अखंड पेशी म्हणजे जिवंत पेशी नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे. जिवंत पेशी ओळखण्यासाठी वेगळा रंग वापरावा लागतो.

तरीही पेशी ओळखण्यासाठी एरवी वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांच्या तुलनेत अ‍ॅप्टामरची बाजू भक्कम आहे. तो रासायनिक संश्लेषणाने बनतो, प्राणी लागत नाहीत, बॅचगणिक फरक कमी पडतो, आणि उष्णतेने उलगडला तरी थंड झाल्यावर सहसा पुन्हा दुमडतो. पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत तो थेट मोजणीला उतरवता येतो.

भारतीय आतड्यांचा हिशेब निराळा आहे. वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्या अनेक भारतीयांत प्रिव्होटेला हा जिवाणू भरपूर आढळतो. युरोपीय जाती वापरून केलेली उलट निवड इथे तशीच लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संग्रहांतील जाती घेऊन ती नव्याने करावी लागेल, आणि भारतीय मलनमुन्यांवर पडताळावी लागेल. ते होईपर्यंत अ‍ॅप्टामरवर आधारलेला कोणताही तयार तपासणी-संच इथल्या रुग्णाच्या अहवालासाठी वापरू नये.