पाचखेड

यवतमाळ जिल्ह्याच्या बाभूळगाव तालुक्यातील गाव व प्राचीन वसाहतीचे स्थळ. गावालगतच्या पांढरीच्या टेकाडावर नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये उत्खनन केले. वस्तीच्या थरांची जाडी ८.७३ मीटर भरली.

लोहयुग : सर्वांत खालचा आणि सर्वांत मोलाचा थर, काळ सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचा. येथे चुनखडीच्या जमिनीचे गोल घर, भोवती लाकडी खांबांच्या खुणा आणि आत मातीची चूल मिळाली. शिवाय खापरे, लोखंडी वस्तू, मौल्यवान दगडांचे मणी व हाडे. विदर्भाचे लोहयुग माहुरझरी, जुनापाणी येथील शिलावर्तुळांमुळे, म्हणजे मुख्यतः दफनांवरून, ओळखले जाते. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तरी राहत्या घरांचा पुरावा सर्वत्र तुटपुंजाच आहे. म्हणून पाचखेडच्या चुलीचे महत्त्व दागिन्यांनी भरलेल्या थडग्याहून कमी मानू नये. कालनिर्णय एकाच हंगामाच्या उत्खननावर आधारलेला असल्याने वस्तीच्या आरंभाचे साल मागेपुढे होऊ शकेल.

सातवाहनकाळ : हा थर स्थूलमानाने रोमन साम्राज्याला समकालीन. रोमशी असलेल्या व्यापारसंबंधांचे महाराष्ट्रातील ठळक पुरावे तेर आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथले आहेत. विदर्भातील सातवाहन सत्तेसाठी १९३९ मध्ये तऱ्हाळा (आता वाशीम जिल्हा) येथे मिळालेला नाण्यांचा साठा महत्त्वाचा. त्याचा अभ्यास वा. वि. मिराशी यांनी केला.

मध्ययुग : सातवाहन व निजाम थरांमधील वस्ती.

निजामकाळ : या काळात टेकाडाचा उपयोग टेहळणीसाठी झाला. साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर (१७२४) वऱ्हाडावर निजामाचा अंमल बसला, पण नागपूरच्या भोसल्यांशी वसुलीची वाटणी चालू राहिली. देवगावच्या तहाने (१८०३) वर्धा नदी ही सरहद्द ठरली आणि पश्चिमेकडचा हा मुलूख निजामाकडे गेला. टेहळणीची जागा या सरहद्दीशी जोडणे सयुक्तिक दिसते. मात्र ती आधीच्या दुअंमलीतलीही असू शकते.

भेट : यवतमाळहून धामणगाव रस्त्याने बाभूळगावमार्गे एका दिवसात जाऊन येता येते. परतीला कळंबचे चिंतामणी मंदिर जोडता येईल. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा चिखलाने अडतात. टेकाडावरचे खापर वा मणी उचलू नयेत. जागा सुटली की त्यांच्या थराचा पुरावाही जातो.