डोक्यावरची तक्तपोशी

'तक्तपोशी' हा शब्द हल्ली क्वचितच ऐकू येतो. छताला आतून फळ्या मारल्या की त्याला तक्तपोशी म्हणत. तख्ता म्हणजे फळी आणि पोश म्हणजे आच्छादन. पलंगपोस, मेजपोश यांतला पोश तो हाच. शब्द फारसीतून आला आणि मराठी घराच्या छतालाच राहिला.

वाड्याचं छत खालून वर वाचायचं असतं. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. या कड्या-फळ्यांच्या कामाला कडीपाट असंही नाव आहे. फळ्यांवर माती घालून ती चोपली की वरच्या मजल्याची जमीन तयार. म्हणजे खालच्याचं छत तेच वरच्याची भुई. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर केवढं, हे खणांवर सांगायचं. चौरस फुटांचा हिशेब नंतरचा. आणि खण केवढा, हे लाकूड ठरवायचं. तुळई जेवढी लांब मिळेल, तेवढाच खण.

हे सगळे शब्द कुठून आले ते पाहा. तुळई तुलेपासून, खांब स्कंभापासून, सुतार सूत्रधारापासून. फळी साफ करणारा रंधा फारसी आणि काम करून घेणारा मिस्त्री पोर्तुगिजांकडून आलेला. एका छतात ही मंडळी अशी सांधली गेली, की कोण कुठला हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस नाही, पण शब्दांवर जीव लावणारा आहे. मला हा सांधा फार मोलाचा वाटतो.

पण फळीच्या आधी झाड असतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात आरमारासाठी तख्ते कुठून आणावेत याचा विचार आहे. तख्ते म्हणजे जहाजाच्या फळ्या. आपल्या तक्तपोशीतलाच हा शब्द. अरण्यातला साग वगैरे परवानगीने तोडावा, जास्त लागेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणस यांचं लाकूडही कामाचं, पण त्यांना हात लावू नये. कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. लाकूड कुणाचं आणि त्याची संमती आहे का, हा प्रश्न राज्यकर्त्यांनी तेव्हा विचारला होता.

लाकडी घराला दोन शत्रू, आग आणि पाणी. पुण्याने दोन्ही पाहिले. शनिवारवाड्याचा पाया 1730 मध्ये घातला आणि 1732 मध्ये वास्तुशांत झाली. 27 फेब्रुवारी 1828 रोजी आग लागली आणि आतल्या लाकडी इमारती गेल्या. आज तटबंदी, जोती आणि दिल्ली दरवाजावरचा नगारखाना उरला आहे. पुढे 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पुरात खचले. उरलेल्यांच्या मागे नंतर तिसरा शत्रू लागला, तो म्हणजे जागेचा भाव.

आमच्या घराच्या वरच्या खोलीला गेल्या वर्षी फळ्यांचं छत करून घेतलं. सागाच्या फळ्या अशाच पाडलेल्या एका वाड्यातल्या होत्या, जुन्या खिळ्यांच्या भोकांसकट. मिस्त्रींनी त्या आठ दिवस खोलीतच रचून ठेवल्या. विचारलं तर म्हणाले, "साहेब, लाकडाला खोलीची हवा लागू द्या. घाई केली तर पुढे तेच ताणतं." खरंच आहे. लाकूड तोडल्यावरही पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, तेही लांबीत फारसं नाही, रुंदीत. म्हणून फळ्या कड्यांना काटकोनात मारायच्या, भिंतीपाशी बोटभर जागा सोडायची आणि ती पट्टीने झाकायची. जागा सोडली नाही तर फळी वाकते, नाहीतर चिरते. जुन्या सुतारांनी हे पुस्तकात लिहून ठेवलं नाही. ते हातातून हातात आलं. वाडा पडतो तेव्हा लाकूड बाजारात जातं, त्याला गिऱ्हाईक मिळतं. ही हातातली विद्या मात्र कुणी विकत घेत नाही.

पुण्यातला विश्रामबागवाडा किंवा वाईजवळ मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा पाहायला गेलात तर खांबांवरची नक्षी बघाच, पण मान वर करून छतही बघा. आणि तुमच्या घरचा वाडा विकसनाला द्यायची वेळ आली असेल, तर एक करा. तक्तपोशी उतरवण्याआधी तिचे फोटो काढा, खण मोजा, कुठली कडी कुठे बसली होती ते कागदावर उतरवा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या सुताराला बोलवा आणि प्रत्येक भागाचं नाव त्याच्या तोंडून लिहून घ्या. एका दुपारचं काम आहे. लाकूड पुन्हा दुसऱ्या घराला लागेल. नावं लिहिली नाहीत, तर ती कुठल्याच घराला लागणार नाहीत.